ऑटो-रिप्लायचे नऊशे दिनार

ऑगस्टमधला दुसरा रविवार. रक्कम तीन हजार एकशे चाळीस दिनार. हजर चौघे: आमचे जनरल मॅनेजर, अकाउंटंट, स्टोअरकीपर आणि मी. जागा आखातातल्या अर्दियाच्या औद्योगिक भागातलं आमचं ऑफिस. पुढे शोरूम, मागे व्हॉल्व्ह आणि पाइप-फिटिंगचं गोदाम.

रक्कम स्टोअरकीपरची होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी आणि उरलेल्या रजेचे पैसे. अकाउंटंटने आकडा कॅल्क्युलेटरवर काढून सगळ्यांना दाखवला. मी तो मनात पडताळला, बरोबर होता. पैसे देण्याआधी प्रत्येक विभागाने एका कागदावर सही करायची असते, की या माणसाकडून आमचं काही येणं नाही. गोदामाची सही झाली होती, गाड्यांची झाली होती, कंपनीने दिलेल्या खोलीची झाली होती. माझ्या विभागाची, म्हणजे कॉम्प्युटर आणि मेलची, ओळ कोरी होती.

मॅनेजरनी कागद माझ्यापुढे सरकवला. "इथे नऊशे लिहा आणि सही करा."

"कशाचे नऊशे?"

"सर्व्हरचे. जुलैमध्ये काय झालं ते तुम्हाला मी सांगू?"

मी पेन टेबलावर ठेवलं. स्टोअरकीपर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. डायलिसिसच्या सुयांनी फुगलेला डावा हात त्यांनी मांडीवर सांभाळून धरला होता. ते कागदाकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

जुलैमध्ये झालं ते असं. आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर बाहेर कुठे भाड्याने घेतलेला नाही. गोदामाच्या मागे एक लहान खोली आहे, तिच्यात तो आहे, आणि बारा वर्षं तो मीच सांभाळतो. एका सकाळी ऑफिसला पोचलो तर खरेदी विभागातून फोन सुरू झाले होते, की कालपासून एकही मेल आलेली नाही. तपासलं तर डिस्क पूर्ण भरलेली. जागा नसली की सर्व्हर बाहेरून येणाऱ्या मेलला नंतर ये म्हणून परत पाठवतो. पाठवणारे सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येत राहतात. मेल हरवत नाही, पण आतही येत नाही.

जागा कशाने खाल्ली ते शोधायला फार वेळ लागला नाही. सगळा ढीग एकाच मेलबॉक्समध्ये होता, स्टोअरकीपरच्या. आमच्या एका शिपिंग एजंटकडून आलेल्या हजारो मेल, सगळ्यांचा विषय एकच, आणि प्रत्येकीच्या पोटात आधीची सगळी मेल जशीच्या तशी. त्यामुळे प्रत्येक नवी मेल आधीच्या मेलपेक्षा मोठी. मी सेवा थांबवली, पाठवायच्या रांगेत अडकलेल्या त्याच विषयाच्या मेल आधी काढल्या, मग मेलबॉक्समधल्या. जागा मोकळी झाल्यावर सेवा सुरू केली. बाहेर ताटकळलेल्या मेल हळूहळू आत यायला लागल्या. त्यांच्यात एका मोठ्या कंत्राटदाराची होती. टेंडरची मुदत त्यांनी अलीकडे आणली होती. नवी मुदत त्याच दुपारची होती. आमची किंमत तयार नव्हती. ते टेंडर गेलं.

आता कारण. कोणी रजेवर गेलं की त्याच्या नावे आलेल्या मेलला आपोआप उत्तर जातं, की मी रजेवर आहे, अमुक व्यक्तीला कळवा. हा ऑटो-रिप्लाय साधारणपणे एका पत्त्याला आठवड्यातून एकदाच पाठवायचा असतो. समोरही यंत्रच असेल तर दोन यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसतील, म्हणून ही मर्यादा. दुसरी एक सोय असते. यंत्राने पाठवलेल्या मेलवर तशी खूण असते, आणि ती दिसली की आमचा सर्व्हर उत्तर देत नाही. शिपिंग एजंटने नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते ही खूण लावत नव्हतं. स्टोअरकीपरनी रजेवर जाताना ऑटो-रिप्लाय लावला. एजंटची एक मेल आली, आमचं उत्तर गेलं. त्यांच्या यंत्राने पोच पाठवली, पोचेला पुन्हा आमचं उत्तर गेलं. पुढे ते थांबलंच नाही.

आठवड्यातून एकदाची मर्यादा असती तर पहिल्या फेरीतच थांबलं असतं. ती मर्यादा आदल्या हिवाळ्यात काढली होती, मॅनेजरच्या सांगण्यावरून. ते सुटीवर असताना एका ग्राहकाने त्यांना दोनदा लिहिलं, त्याला उत्तर एकदाच मिळालं, आणि तो रुसला. मॅनेजरनी मला मेल केली की प्रत्येक मेलला उत्तर गेलंच पाहिजे. मी धोका लिहून कळवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं: करा. मी केलं. त्यांच्या दोन्ही मेल माझ्याकडे आहेत.

झाल्या प्रकाराचा अहवाल मी चार परिच्छेदांत लिहिला. पहिल्यात काय झालं, दुसऱ्यात शिपिंग एजंटच्या सॉफ्टवेअरची चूक, तिसऱ्यात मर्यादा कोणी आणि कधी काढायला सांगितली, चौथ्यात पुढे काय करावं. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तिसरा परिच्छेद गाळा."

"तो गाळला तर उरलेलं खोटं होतं."

"खोटं कसं? रजेचं बटण त्याने दाबलं की नाही?"

"दाबलं. रजेवर जाताना दाबायचंच, असा तुमचाच नियम आहे."

"अहो, तुम्ही रिपोर्ट लिहिताय की फिर्याद?" ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "आपली मराठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ते हे असं."

मॅनेजर मुंबईचे. मी म्हटलं, "स्टोअरकीपरही मराठीच आहेत, सर, रत्नागिरीचे." त्यांनी फोन हातात घेतला आणि तो बघत राहिले. मी बाहेर आलो.

माझा अहवाल मालकापर्यंत गेला नाही. मॅनेजरनी बाहेरची एक कंपनी बोलावली. दोघे आले, माझ्याकडून पासवर्ड घेतला, चहा प्याले. आठवड्यातून एकदाची मर्यादा पुन्हा लावली आणि गेले. त्यांच्या अहवालात लिहिलं होतं की ऑटो-रिप्लाय वापरणाऱ्याने पुरेशी काळजी घेतली नाही. सोबत बिल होतं, नऊशे दिनारचं.

हेच ते नऊशे. मॅनेजरना ते स्टोअरकीपरच्या पैशांतून वळते करायचे होते, आणि त्यासाठी माझ्या विभागाच्या ओळीत आकडा आणि माझी सही हवी होती. त्या रविवारी मी आकडा लिहिला नाही. "येणे काही नाही" असं लिहून सही केली. मॅनेजरनी कागद उचलला आणि म्हणाले, "मग हा इथेच राहू दे." त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. त्यांची सही झाल्याशिवाय अकाउंटंट चेक काढू शकत नव्हता.

स्टोअरकीपरना ते पैसे कशाला हवे होते, हे ऑफिसमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा ते फरवानियाच्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिसला जात आणि तिथून थेट गोदामात येऊन खुर्चीवर बसून पावत्या बघत. बायको किडनी देणार होती. कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलने सगळ्या तपासण्या करून सप्टेंबरच्या सुरुवातीची तारीख दिली होती, आणि त्या तारखेआधी पैसे भरायचे होते. हिशोब न घेता निघून जावं तर इथे अडकलेले पैसे मागून हाती येत नाहीत. ती उदाहरणं आम्ही दोघांनीही पाहिली होती.

मंगळवारी दुपारी ते सर्व्हरच्या खोलीत आले. ती खोली गार असते, म्हणून अधूनमधून येऊन बसत. वयाने माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणत. मी त्यांना काका म्हणत असे.

"साहेब, लिवा ना नऊशे."

"काका, ते तुमचं देणं नाही."

"नाय ना. मला म्हायती हाय. तुमाला म्हायती हाय. त्यालापण म्हायती हाय. मग भांडान कुणाशी?"

"मी शुऊनला चला म्हणतो. तिथल्या लेबर ऑफिसात तक्रार करू. माझ्याकडे मॅनेजरची मेल आहे, मी साक्षीला येतो."

"किती दिवस लागतील?"

मला खोटं सांगता आलं नाही. "दोन-तीन महिने. जास्तही लागतील."

ते हसले. "तवर तुमी मला किडनी द्या मंग." मग म्हणाले, "साहेब, मला पुरं नको. येळंत हवंय."

"मी नऊशे लिहिले तर कागदोपत्री नुकसान तुमच्या नावावर लागतं, काका. एकोणीस वर्षं गोदामातला एक नट इकडचा तिकडे झाला नाही."

"त्यो कागद गावाला कोन वाचनार हाय?" ते उठले. दारात थांबून म्हणाले, "तुमची सही लई महाग हो, साहेब."

घरी मी हे बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. मी बाजू मांडली, आकडे सांगितले, मेलचं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं खरं तुमच्यापाशी राहू दे. त्यांना जाऊ द्या."

"सही केली तर ते दोषी ठरतात."

"दोषी ठरून घरी तरी पोचतील. आत्ता निर्दोष आहेत आणि इथेच बसलेत."

"आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या पैशातून असेच कापले तर?"

"तेव्हा त्याच्यासाठी भांडा." तिने पोळी तव्यावर टाकली. "हे ज्यांच्यासाठी भांडताय ते नको म्हणतायत. कोणासाठी भांडताय मग?"

पण दुसऱ्या दिवशीही मी ओळ बदलली नाही. जे झालेलं नाही ते झालं असं लिहून खाली सही करणं मला जमत नाही. हा गुण की हट्ट, हे मी ठरवू शकलेलो नाही. मी मालकाला भेटायची वेळ मागितली. ते लंडनला होते, सप्टेंबरअखेर येणार होते. मी त्यांना अहवाल मेलने पाठवला. त्यांच्या ऑफिसमधून मेल मिळाल्याची पोच आली, बाकी काही नाही.

गुरुवारी अकाउंटंट माझ्या टेबलाशी आला. केरळचा माणूस, हिंदीत बोलतो. त्याच्या हातात दोन कागद होते. "सर, नौ सौ के लिए अब आपका साइन नहीं चाहिए. सिर्फ फोन और लॅपटॉप वापस मिला, इतना लिखो."

"नौ सौ का क्या हुआ?"

त्याने दुसरा कागद दाखवला. स्टोअरकीपरचं हस्ताक्षर होतं, गोदामाच्या पावत्यांवर बारा वर्षं पाहिलेलं. भाषा त्यांची नव्हती. रजेवर जाताना ऑटो-रिप्लाय लावण्यात माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, त्यामुळे कंपनीचं नुकसान झालं, ते माझ्या रकमेतून वळतं करून घ्यावं, माझी काही तक्रार नाही. खाली सही, आणि तिच्या शेजारी अंगठाही घेतला होता. मॅनेजरनी मराठीतून सांगितलेलं असणार. सोबत अरबी भाषांतर जोडलं होतं.

त्या कागदाने माझा अहवाल निकालात निघाला. फाइलमध्ये आता दोन कागद होते. एकात मी म्हणत होतो की त्यांची चूक नाही, दुसऱ्यात ते स्वतः म्हणत होते की आहे. उद्या कोणी फाइल उघडली तर मॅनेजरवर खोटा आळ घेणारा मी एकटा दिसणार. मी फोन आणि लॅपटॉप परत मिळाल्याचं लिहून सही केली.

स्टोअरकीपर गोदामात होते. त्यांच्या टेबलावरचं सामान एका पिशवीत भरत होते. मला पाहून म्हणाले, "रागावला काय ओ?"

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं आसतं तर तुमी सोडलं आसतं?" पिशवीची गाठ त्यांनी एका हाताने मारली, दुसऱ्या हाताला जोर देता येत नव्हता. "तुमचं बरोबर व्हतं. आता तुमी म्हनाल तर मी हजार येळा सांगन, चूक माझी नव्हती. पन हितं न्हाय सांगनार. इमानात बसल्यावर सांगन."

मी त्यांच्यासाठी गाडी काढतो म्हटलं. ते नको म्हणाले. खोलीवरचे सोबती येणार होते.

त्यांचा मेलबॉक्स बंद करायचं काम माझ्याकडे आलं. नियमाप्रमाणे मी त्यांच्या नावे येणारी मेल गोदामाच्या पत्त्याकडे वळवली, पासवर्ड काढला, खातं बंद केलं. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

पुढचं मला अकाउंटंटकडून आणि नंतर त्यांच्या पत्नीच्या फोनवरून कळलं. चेक वेळेत वटला आणि पैसे वेळेत पोचले. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. नवी किडनी तीन महिने चालली. आता ते रत्नागिरीत डायलिसिसवर आहेत. माझा मालकाला पाठवलेला अहवाल परत आला नाही, त्यावर कोणी विचारलंही नाही. मॅनेजर मला रोज सकाळी नमस्कार म्हणतात, मीही म्हणतो.

शेवटी दिलं गेलं ते असं: दोन हजार दोनशे चाळीस दिनार स्टोअरकीपरना, चेकने. नऊशे दिनार सर्व्हर बघायला आलेल्या त्या बाहेरच्या कंपनीला, बँकेतून.