तांबेसिस्टरांची मोजणी

तांबेसिस्टर घड्याळ उघडण्याआधी पंखा बंद करायच्या. मे महिना असो, अंगातून घामाच्या धारा वाहत असोत, पंखा बंद म्हणजे बंद. मग दाराला कडी, खिडकी ओढून घेतलेली, आणि घरात जो कोणी असेल त्याला एकच सूचना : शिंक येणार असेल तर आत्ताच बाहेर जा. एकदा आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी सभेचं निमंत्रण द्यायला आले आणि नेमके आत अडकले. सिस्टरांनी त्यांना पाऊण तास खाटेवर बसवून ठेवलं. बिचारे हूं की चूं न करता बसले आणि सुटका झाल्यावर निमंत्रण न देताच निघून गेले.

सिस्टर म्हणजे महापालिकेच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये जन्म घालवलेल्या नर्स. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची टाप नव्हती. रिटायर झाल्यावर त्यांना घड्याळांचा नाद लागला, त्याला जबाबदार मी. घरून काम सुरू झालं त्या काळात मी जुनी, स्वस्तातली मनगटी घड्याळं आणून त्यांची डायल आणि काटे बदलत बसायचो. एक दिवस सिस्टर आईकडे कढीपत्ता मागायला आल्या, माझ्या टेबलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "चिमटा असा धरतात होय? जेवायला बसलायस का?" चिमटा त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि मी आठवडाभर झटत होतो तो मिनिटकाटा एका दमात बसवला. कढीपत्ता तसाच राहिला.

त्या दिवसापासून माझं सामान त्यांच्या घरी गेलं आणि त्याच्यामागे मीही. नव्या डायलवर काटे बसवणं हे त्यातलं सगळ्यात जीवघेणं काम. आधी तासकाटा, मग मिनिटकाटा, दोन्ही बरोब्बर बारावर. एकमेकांना घासत नाहीत ना, हे घड्याळ डोळ्यांच्या रेषेत आडवं धरून बघायचं. सगळ्यात शेवटी सेकंदकाटा. त्याच्या पोटाशी एक नळी असते, एवढीशी की भिंगाशिवाय दिसतच नाही. ती नळी तिच्याहून बारीक दांड्यावर अलगद टेकवून सरळ खाली दाबायची. तिरका दाब पडला की नळीचं तोंड फाकलं आणि काटा गेलाच म्हणून समजा. सिस्टर म्हणायच्या, "श्वास धरू नको, सोड. धरलेल्या श्वासाने हात थरथरतो."

आणि मग मोजणी. पोट शिवण्याआधी थिएटरमध्ये कापसाच्या घड्या, चिमटे, सुया मोठ्याने मोजतात, कारण आत काही राहिलं तर माणूस जातो. सिस्टर घड्याळाचं झाकण लावण्याआधी तशीच मोजणी करायच्या. चिमटे दोन, सुई एक, जुने काटे तीन, स्क्रू दोन. एकदा म्हणे एक घडी कमी भरली. सर्जन घाईत होते, ओरडायला लागले. सिस्टरांनी टाक्यांची सुई हातात दिलीच नाही. वीस मिनिटं सगळं थिएटर शोधत होतं, आणि घडी सापडली ती सर्जनसाहेबांच्याच चपलेला चिकटलेली. हे सांगताना सिस्टर अजिबात हसायच्या नाहीत, म्हणून आम्हालाच जास्त हसू यायचं. मोजणी जुळली की त्यांचा शेवटचा प्रश्न असायचा : "काही सांगायचं राहिलंय?" समोरचा 'नाही' म्हणाला की झाकण बंद.

चाळीतली एखादी मुलगी नर्सिंग पास झाली की सिस्टर तिला आपल्या हाताने घड्याळ करून द्यायच्या. पांढरी डायल, काळे ठसठशीत आकडे आणि लांब लाल सेकंदकाटा. नाडी मोजायला काटा दुरून दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. वॉर्डात यंत्रं असतात, पण चाळीस खाटांना दोन, आणि त्यातलं एक नादुरुस्त. माझी धाकटी बहीण प्रियांका नर्सिंगला गेली तीही सिस्टरांच्याच मागे लागण्यामुळे. तिची नेमणूक झाली तेव्हा घड्याळाचं काम सिस्टरांनी मला सांगितलं. "भाऊ आहेस ना तिचा? मग तू कर, मी बघते."

प्रियांका सोमवारी रुजू होणार होती. रविवारी दुपारी तास आणि मिनिट बसले. लाल काटा उरला होता, आणि त्या लांबीचा आमच्याकडे एवढा एकच होता. तेवढ्यात खालच्या बुद्धविहारातून सिस्टरांना बोलावणं आलं. "दहा मिनिटांत येते. हात लावू नको," एवढं बजावून त्या गेल्या.

मी हात लावला. बहिणीच्या घड्याळातला शेवटचा काटा आपण एकट्याने बसवला असं मला म्हणायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. दाब तिरका पडला. काटा बसल्यासारखा दिसला, पण घड्याळ उभं धरताच गळून सहावर आला. काढून पुन्हा बसवला, पुन्हा गळला. नळीचं तोंड फाकलं होतं. गॅलरीत सिस्टरांच्या चपला वाजतील म्हणून माझे कान दाराकडे लागले होते. त्यांच्या खणात चप्पल चिकटवायला आणलेल्या गोंदाची ट्यूब होती, क्षणात पकडणारा तो गोंद. सुईच्या टोकावर ठिपकाभर घेतला, नळीला लावला आणि काटा दाबला. या वेळी तो जागचा हलला नाही. सुई मी शर्टाला पुसली.

सिस्टर आल्या. मी म्हटलं, बसवला मी. त्या रागावल्या नाहीत, नुसतं भिंग डोळ्याला लावून बसल्या. आडवं धरून बघितलं, उभं धरून पाच मिनिटं चालवलं. काटा शहाण्यासारखा फिरत होता. मग मोजणी. चिमटे दोन, सुई एक, सगळं जुळलं.

"काही सांगायचं राहिलंय?"

"नाही, सिस्टर."

त्यांनी झाकण बंद केलं.

सोमवारी सकाळी प्रियांकाने वॉर्डात शिरण्याआधी फोटो पाठवला. पांढरा गणवेश, हात मुद्दाम छातीशी, मनगटावर घड्याळ. आईला तर काय करू न काय नको झालं. ती फोन घेऊन मजलाभर फिरली. मी लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि सगळं निभावलं असं समजून चहा पीत होतो. तेवढ्यात आईचा फोन हातात घेऊन सिस्टर दारात उभ्या राहिल्या. फोटो त्यांनी बोटांनी मोठा केला होता.

"सुहास, गोंद कुठला?"

काचेच्या आत, मधोमध, पांढरट धुकं धरलं होतं. तो गोंद बंद जागेत सुकला की त्याची वाफ काचेवर अशीच बसते. वर्षभरापूर्वी एका जुन्या घड्याळात ही खूण मीच सिस्टरांना दाखवली होती आणि चिकटवणाऱ्या त्या कुणा अडाण्याला पोटभर हसलो होतो. आता खोटं बोलायला जागाच नव्हती. मी खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नळीत गेला की नुसता वरवर?" मी म्हटलं, माहीत नाही.

प्रियांकाला फोन लावला, पण ड्युटीवर फोन लॉकरमध्ये असतो. सिस्टरांचे गुडघे गेलेले, म्हणून टॅक्सी केली. परळपर्यंत जायचं म्हणजे एरवी दहा मिनिटांचं काम, पण पुलावर गाड्या जागच्या हलत नव्हत्या. सिस्टरांनी आपलं जुनं घड्याळ मुठीत धरलं होतं आणि दर थोड्या वेळाने मूठ उघडून बघत होत्या. वरवरचा गोंद मनगटाच्या हिसक्यांनी सुटतो, आणि काटा सुटला तर काय होईल हे त्यांनी मला सरळ समजावून सांगितलं, तेही थिएटरमध्ये सांगावं तशा आवाजात. सैल काटा सहावरून बारापर्यंत चढताना मागे राहतो. नर्स अर्धं मिनिट ठोके मोजून दुप्पट करते. ते अर्धं मिनिट मग लांबतं, ठोके जास्त भरतात. "हृदयाची एक गोळी असते, नाडी साठच्या खाली असेल तर द्यायची नसते. ती दहाला देतात." पावणेदहा वाजले होते. मला टॅक्सीतून उतरून पळत सुटावंसं वाटत होतं, पण मी एकटा गेलो असतो तर वॉर्डाच्या दारातच मला अडवलं असतं.

ती भेटायची वेळ नव्हती. सिस्टर पहारेकऱ्याकडे न बघता आत शिरल्या आणि त्यांच्या चालण्यामुळेच असेल, त्याने अडवलं नाही. वॉर्डात गोळ्यांची ट्रॉली सहाव्या खाटेशी होती. प्रियांका मला बघून हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. इन्चार्ज सिस्टर पुढे आल्या. तांबेसिस्टरांनी मला कोपराने पुढे केलं.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. प्रियांकासमोर, इन्चार्जसमोर, खाटांवरच्या माणसांसमोर आणि डबा घेऊन आलेल्या एका काकांसमोर. घड्याळाचा काटा मी बिघडवला, गोंदाने चिकटवला आणि विचारल्यावर लपवलं. प्रियांकाने मनगट उभं केलं. लाल काटा सहापाशी अडखळला, दोनदा जागीच थरथरला आणि मग चढू लागला. तिने सकाळपासून अकरा जणांची नाडी त्याच काट्यावर मोजली होती.

"घड्याळ माझ्या टेबलावरून गेलं, मोजणी मी केली. नोंद कराल त्यात माझंही नाव लिहा," तांबेसिस्टर इन्चार्जना म्हणाल्या. मग आपलं घड्याळ प्रियांकाच्या हातात दिलं. "गोळी कोणाला आहे?"

नवव्या खाटेवरच्या आजींना होती. गोळी ट्रॉलीवर त्यांच्या नावाने प्लास्टिकच्या टोपणात काढून ठेवलेली होती. कागदावर नाडी सहासष्ट. प्रियांकाने एक मनगट धरलं, सिस्टरांनी दुसरं, आणि पूर्ण मिनिट मोजलं. ते मिनिट संपता संपेना. आजी कौतुकाने दोघींकडे आलटून पालटून बघत होत्या. बावन्न भरली. दोघींच्याही तोंडून एकच आकडा आला. इन्चार्जनी टोपण उचललं आणि डॉक्टरांना बोलावायला माणूस पाठवला. उरलेल्या दहाही जणांची नाडी पुन्हा मोजली गेली. मी भिंतीला टेकून उभा होतो. आजींना काही झालं नाही, हे माझं नशीब, त्यात माझी करामत काही नाही.

परतताना पुन्हा टॅक्सीच केली. मी माफी मागितली ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. चाळ दिसू लागल्यावर म्हणाल्या, "मोजून हरवलेलं कळतं रे. लपवलेलं नाही कळत. त्यासाठीच मी विचारते." एवढंच बोलल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रियांका माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. नवे लाल काटे आले तेव्हा सिस्टरांनी तिलाच बोलावून समोर बसवलं. पंखा बंद, दाराला कडी. गोंदाचा काटा मला खरवडून काढायला लावला, डायलवर ओरखडा आला म्हणून ती बदलायला लावली, आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पहिला काटा मी वाकवला. लगेच सांगितलं. सिस्टरांनी मान हलवली आणि दुसरा पुढे केला. दुसरा बसला. मोजणी जुळली, प्रश्न आला, उत्तर दिलं, झाकण बंद झालं. प्रियांकाने घड्याळ मनगटावर चढवलं आणि तेव्हा ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, की घामाने तुझा शर्ट बघ कसा झालाय.

पुढच्या हिवाळ्यात सिस्टरांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. त्याच हॉस्पिटलात, प्रियांकाच्याच वॉर्डात त्यांना ठेवलं. तिथूनच त्या गेल्या. त्यांचे चिमटे, भिंग आणि स्क्रूच्या डब्या आता माझ्याकडे आहेत, आणि मी अजून पंखा बंद करतो. पण त्यांची आठवण निघाली की मला टेबल दिसत नाही. त्यांच्या जाण्याच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ दिसते.

भेटायची वेळ होती. मी खाटेशी उभा होतो. प्रियांका त्यांचं मनगट धरून लाल काट्याकडे बघत होती. सिस्टर डोळे मिटून पडल्या होत्या, पण ओठ हलत होते. त्याही मोजत होत्या. मिनिट भरलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

त्यांनी डोळे उघडले आणि प्रियांकाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. हा काटा माझ्या हातचा, हे त्यांना ठाऊक होतं. आवाज अगदी खोल गेला होता, तरी मला शब्द न् शब्द कळला.

"काही सांगायचं राहिलंय?"

"नाही, सिस्टर."

मग त्यांनी डोळे मिटले आणि प्रियांकाला म्हणाल्या, "मग अठ्ठावन्न लिही."