काशव्वांसाठी कोरे ठेवलेले अर्धे पान

सोलापूरच्या महाविद्यालयात पहिल्याच तासाला शिवलिंगप्पा सरांनी आम्हाला आपापल्या गावच्या देवाची जन्मकथा लिहायला लावली. मग गावांची नावे गाळून ते एक कथा वाचू लागले. गाय रोज वारुळावर पान्हा सोडते, संशय आलेला गुराखी काठी मारतो, वारुळातून रक्त येते आणि देव प्रकटतो. "ही आमची कथा!" असे सातआठ जण एकदम ओरडले. सर खुदकन हसले. नदीत सोडलेले मूल पुढे मोठा वीर होते, ही कथाही अशीच देशोदेशी सापडते, असे ते म्हणाले. त्या तासापासून मी सरांचा झालो.

पुढे त्यांच्या ग्रंथासाठी कथा गोळा करत मी जिल्हाभर हिंडलो. निघताना सर स्वतःच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्या पिशवीत कोंबत आणि बजावत, "सारखं काय ते कुणालाही दिसतं. वेगळं काय ते ऐकायला बसावं लागतं." मी मान डोलवत असे. बसणे मात्र माझ्याच्याने झाले नाही.

अक्कलकोटपलीकडच्या एका गावात काशव्वा नावाच्या आजींनी कथा सुरू केली. गाय आली, वारूळ आले. माझे लक्ष घड्याळाकडे.

"आमच्यात गुराख्यानं मारलं न्हाय बाबा. ऐक की, पुढं लई हाय."

"आजी, एसटी चुकेल माझी," म्हणत मी उठलो. वहीत लिहिले, 'वरीलप्रमाणे'.

त्या एका शब्दावर विसंबून सरांनी लिहिले की सर्व गावांत गुराखी काठी मारतोच. गेल्या महिन्यात मुद्रिते तपासताना ते वाक्य समोर आले आणि मला राहवले नाही. मी सगळे सांगून टाकले. काशव्वा तोवर वारल्या होत्या. पंचाहत्तरीच्या तोंडावर गुरूंना मी हे दिले, याची मला फार लाज वाटते. सर रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी 'सर्व' हा शब्द खोडला, समासात काशव्वांचे नाव लिहिले आणि खाली अर्धे पान कोरे ठेवायला सांगितले. "आपल्याला ठाऊक नाही, एवढं तरी खरं छापू," म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

आता मी दर रविवारी त्या गावी जातो. परवा काशव्वांच्या सूनबाई म्हणाल्या, "सासूबाईंचं येगळंच व्हतं की. पर आमी बी कवा पुरतं ऐकलं न्हाय." त्यांच्या थोरल्या नणंदेला आठवत असेल, ती पुढच्या रविवारी येणार आहे.

सरांना निरोगी शंभरी लाभो. त्यांच्या डोळ्यांदेखत ते अर्धे पान भरावे, हा त्यात माझा स्वार्थ आहे. या खेपेला एसटी चुकली तरी मी उठणार नाही.