डावीकडून तिसरी

जिंतूरच्या स्टँडवरून मी निघाले तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रंक टपावर चढवली आणि फाईल मात्र माझ्या मांडीवर ठेवली. "ही वर टाकू नको. ट्रंक गेली तर दुसरी घेता येईल," म्हणाले. माय डोळे पुसता पुसता सांगत होती, कोकणात रोज भात खाऊन पोट बिघडलं की ओवा चाव. त्या दोघांच्या मागं गोदावरी उभी होती, माझी वर्गमैत्रीण, कडेवर सहा महिन्यांची पोरगी घेऊन. मी तिच्याकडं बघत नव्हते आणि ती माझ्या फाईलीकडं बघत होती. बस हलली तसा तिनं हात वर केला. वाटलं, आता ही सगळ्यांसमोर ओरडून सांगते. तिनं नुसता निरोपाचा हात केला होता, पण पुढचं झरी गाव येईपर्यंत मी फाईल दोन्ही हातांनी धरून बसले.

त्याला तेरा वर्षं झाली. आता आपल्या प्रशालेचा अमृत महोत्सव आहे आणि स्मरणिकेसाठी मला सांगावा आला की मॅडम, तुम्ही शाळेचं नाव राज्यात नेलं, दोन पानं लिहाच. लिहिते. गावात राहिलेल्यांसाठी लिहिते आणि माझ्यासारखं चाकणला, सुरतेला, कुठंकुठं जाऊन बसलेल्यांसाठीही. पण तुम्हाला हवी होती ती दोन पानं ही नव्हेत, हे आधीच सांगून ठेवते. हात दाखवून अवलक्षण म्हणा हवं तर.

शाळेचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. निजामाच्या राजवटीत दोन दगडी खोल्या आणि उर्दूतून शिक्षण, मग राज्य गेलं, मराठी आली, पत्र्याच्या खोल्या वाढल्या, जिल्हा परिषदेची पाटी लागली. अभ्यासात आपण कधीच पुढं नव्हतो, उगीच कशाला खोटं बोला. आपलं नाव होतं ते पोरींच्या खो-खोमुळं. आणि खो-खो होता भिसे सरांमुळं. काळ्या मातीच्या मैदानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, त्या सर स्वतः मुरूम टाकून बुजवायचे. पोरी अर्ध्या चड्डीवर खेळणार म्हणून गावात बोंब झाली तेव्हा सर घरोघर जाऊन बापांच्या पाया पडले होते. सर आता नाहीत. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही, आणि खरं लिहायचं तर ते टाळता येत नाही.

गोदा आमच्यात सगळ्यांत चपळ. खांबावर सूर मारायची तेव्हा बघणारा डोळे मिटून घ्यायचा, इतकी ती जमिनीला घासून जायची. उठून धूळ झटकायची, हसायची, पुन्हा बसायची. तिचे मायबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि ती त्यांच्याबरोबर. त्यामुळं दोन वर्षं तिची बुडाली आणि ती माझ्या वर्गात आली. त्यात आपल्या गुरुजींची ती रीत. जन्मतारीख माहीत नसली की एक जून. आपल्या शाळेत निम्मी पोरं एक जूनला जन्मली, ह्यावर आपण किती हसलोय! गोदा पाचच वर्षांची होती, पण सहा भरल्याशिवाय पहिलीत घेता येईना, म्हणून गुरुजींनी वर्ष मागं ढकललं. चांगल्या मनानंच ढकललं. दहावीत आमचा संघ राज्य स्पर्धेला निवडला गेला तेव्हा सतरा वर्षांखालच्या गटात ती खऱ्या वयानं बसत होती आणि कागदानं बसत नव्हती.

संघात मी बारावी होते. म्हणजे राखीव. पळायला बरी, सुराला भित्री. सर आमच्या घरी आले, चहा घेतला, आणि दादांना म्हणाले की अनिताचं नाव गोदीला देऊ, चार दिवसांचा प्रश्न आहे. दादा विचार करत राहिले. मग म्हणाले, शाळेच्या इज्जतीचा सवाल आहे तर घ्या. इज्जत हा शब्द आला की आपल्याकडं पुढचं कुणी बोलत नाही.

गोदा माझ्या नावानं राज्याला गेली आणि मी चार दिवस घरात. कुणी विचारलं तर अनिता खेळायला गेलीय. मायनं मला ज्वारीच्या कणगीमागं चटई टाकून दिली. दारात कुणी आलं की मी श्वास धरायची. गंमत म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारची काकू दारातूनच मायला विचारायची, अनिताचा काही निरोप आला का गं, आणि हसायची. मला तेव्हा ते हसणं प्रेमाचं वाटलं. आज वाटत नाही. सगळं गाव एकाच गोष्टीवर गप्प बसतं तेव्हा ते गाव काहीही पोटात घालू शकतं.

संघ तिसरा आला. प्रमाणपत्र माझ्या नावाचं. गोदा स्वतः घेऊन आली, परकरात गुंडाळून, चुरगळू नये म्हणून. "धर, तुजं हाय," म्हणाली. आम्ही दोघी खो खो हसलो. कागदच तर होता. पुढच्याच आठवड्यात ती मायबापांकडं उसाच्या फडावर गेली आणि दहावीची परीक्षा द्यायला परतली नाही. तिचं लग्न तिकडंच ठरलं, आपल्याच गावच्या एका तोडकऱ्याशी.

मला खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी लागली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही. नेमणूक रत्नागिरी. तिथं पहिली दोन वर्षं मी 'घाटावरची' होते. ज्वारीच्या पिठासाठी अर्धं शहर पालथं घालायची, दमट हवेत कपडे वाळेनात म्हणून रडायची. आता पेज पिते, आमटीत कोकम टाकते, 'काय गो' म्हटलं की ओ देते. तोंडातलं 'लय' गेलं आणि 'खूप' आलं, फक्त राग आला की लयच येतं. लग्न केलं, मोडलं, त्याची कथा स्मरणिकेत नको. एकटी राहते. सरकारी खोलीच्या खिडकीतून माड दिसतात आणि पाऊस थांबतच नाही.

दरवर्षी आमच्या कार्यालयाच्या क्रीडा स्पर्धा असतात. राज्यस्तरीय खेळाडू म्हटल्यावर माझं नाव सगळ्यांत वर. पहिल्या वर्षी मी गुडघ्याला पट्टी बांधून गेले. दुसऱ्या वर्षीही. नंतर कुणी आग्रह केला नाही, पण पट्टी सुटली नाही, आणि आता मी खरोखर थोडी लंगडते. डॉक्टर म्हणतात गुडघ्यात काही नाही.

मग प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. शेजारच्या विभागातल्या एकाला बोलावणं आलं. तो गेला तो आलाच नाही. त्याच्या टेबलावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली महिनाभर तशीच होती. कुणी उचलेना, मीही नाही. त्यानंतर टपालवाला जिन्यात दिसला की मी प्रसाधनगृहात जाऊन बसायची.

ह्या आषाढात तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या त्या संघाचा फोटो आला. बारा जणी, मागं दगडी खोली, खाली पांढऱ्या शाईत नावं. डावीकडून तिसरी: अनिता. तोंड गोदाचं. ग्रुपवर माझ्या संघातल्या निम्म्या जणी आहेत. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली, 'आपली शान' लिहिलं. कुणी एक अक्षर बोललं नाही. आणि मग एका अनोळखी नंबरावरून आलं, 'डावीकडून तिसरी कोण हाय?' ग्रुप गार पडला. दोन मिनिटांत तो मेसेज पुसलाही गेला. मी मात्र त्या रिकाम्या जागेकडं बघत बसले.

महालक्ष्म्यांना गावी गेले. शाळेत नवे खेळाचे सर भेटले. तरुण, भला माणूस, पोरींना बूट स्वतःच्या पगारातून देतो. मैदानावर एक पोरगी दाखवली. ती खांबाकडं झेपावली आणि माझे डोळे आपोआप मिटले. गोदाची लेक, आरती. स्टँडवर कडेवर होती तीच. तिचा जन्म फडावरचा, पाचटाच्या कोपीतला, नोंद नाही, म्हणून शाळेत एक जून, तोही वर्षभर मागचा. चौदा वर्षांखालच्या गटात कागदानं बसत नाही, सर म्हणाले, आणि खुशीत पुढं सांगू लागले की काळजी नाही, तुमच्या वेळची पद्धत आहेच, नाव दुसरीचं लावू. दुसरी म्हणजे शर्वरी, माझ्या भावाची मुलगी.

घरी आल्यावर भावाला विचारलं. तो पानावरून न उठता म्हणाला, "पुढं कामाला येईल तिला. तुला आलंच की." शर्वरी समोर बसून मोबाईल बघत होती. खांबाला कधी हात लावला नसेल तिनं. आणि मी काय केलं? मी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आयुष्यभर शिकलेले.

दुसऱ्या दिवशी गोदाकडं गेले. ती सुपात मूग पाखडत होती. हातांना कोयत्यानं पडलेले घट्टे. तिच्याकडून कळलं की ग्रुपवरचा मेसेज आरतीचा होता, आईच्या फोनवरून.

"पोरगी म्हनली, आई, ही तूच हाईस ना? मी न्हाई म्हनले," गोदा म्हणाली. "तुजी नोकरी जाईल म्हनून."

तिच्याच लेकरासमोर तिनं स्वतःला नाकारलं होतं, माझ्यासाठी. मी आरतीचं विचारलं तेव्हा ती सूप खाली ठेवून म्हणाली, "सरांला सांग, मोठ्या पोरींत खेळव म्हना. हरली तर हरंल. तिच्या नावानं हरंल."

मी म्हटलं, तूच सांग की.

"माझं कोन ऐकतंय? तुजं ऐकतेत."

माझं ऐकतात, कारण मी राज्यस्तरीय खेळाडू! हे तिनं टोमण्यानं म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

यादी त्याच दुपारी तालुक्याला जायची होती. मी शाळेत गेले आणि सरांना म्हटलं, शर्वरीचं नाव काढा, आरतीला तिच्या नावानं सतरा वर्षांखालच्या गटात घ्या. त्यांनी कारण विचारलं. बरीच कारणं सांगून पाहिली, नियम, कायदा, पोरीचं भविष्य. ते हसत होते, मॅडम, सगळीकडं असंच चालतं. शेवटी माझ्याकडं एकच खरं कारण उरलं. मी सांगितलं. सर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "हे मला सांगायला नको होतं तुम्ही. आता मला माहीत झालं."

त्यांनी नाव बदललं. आरती तालुक्याला पहिल्याच सामन्यात मोठ्या पोरींकडून हरली. तिला फार वाईट वाटलं, म्हणे, दोन दिवस जेवली नाही. ते माझ्यामुळं, हेही लिहून ठेवते. भावाला कळलं तेव्हा त्यानं फोन केला. पोरीच्या पायावर धोंडा मारलास, आता आपल्या तोंडालाही काळं फासशील, म्हणाला, आणि ह्या घरात पुन्हा पाय ठेवू नको. दादा असते तर काय म्हणाले असते, ह्याचा मी लय विचार केला. बहुधा गप्प बसले असते.

काल मी कार्यालयात अर्ज दिला. खेळले ती मी नव्हे, एवढंच तीन ओळींत. आवक शिक्का बसला तसे साहेब म्हणाले, अजून मागं घ्या, रजेवर जा, विचार करा. माझा विचार झाला होता. बाहेर आले तर पाऊस नव्हता आणि सगळे माझ्याकडं बघत होते की मलाच तसं वाटत होतं, कळलं नाही. आता चौकशी लागेल. नोकरी जाईल, खोली जाईल, कदाचित खटलाही होईल. ज्या शाळेचा महोत्सव करताय तिच्याकडं जुनी कागदपत्रं मागतील. तुमच्यातल्या कितीजणींना बोलावतील माहीत नाही. खरं सांगा. माझ्यासाठी नका सांगू, मला आता कुणाच्या गप्प बसण्याचा उपयोग नाही. आणि हा लेख छापायचा नसेल तर तसं कळवा, मी येऊन वाचून दाखवीन.

संध्याकाळी गोदाला फोन लावला. ती ऊसतोडीसाठी कारखान्यावर पोचली होती, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. अर्ज दिल्याचं सांगितलं. तिनं विचारलं, नोकरी गेल्यावर राहशील कुठं. मी म्हटलं, बघू, भावाचं दार तर बंद झालं. ती म्हणाली, "माझ्या घराला सहा महिने कुलूपच असतंय. किल्ली शेजारनीकडं हाय. मागून घी."

घर म्हटलं की इतकी वर्षं मला दादांचं घर आठवायचं, कणगी, चुलीचा धूर, दारातली माय. ते आता माझं नाही. रत्नागिरीची खोलीही फार दिवस माझी नाही. राहता राहिलं ते गोदाचं दोन पत्र्यांचं घर, आणि तिची किल्ली मागायला माझं तोंड होईल का, हे मला अजून कळत नाही.