प्लगइन चालत नाही

गेल्या वर्षी वारलेल्या मावशीच्या गाण्याचा जुना व्हिडिओ आईच्या टॅबवर उघडत नव्हता. पडद्यावर नुसतं 'प्लगइन चालत नाही' असं यायचं. "मीच काहीतरी भलतं दाबलं असेल," म्हणून आई ओशाळून बसली होती. खरं तर ती वेबसाइटच जुनी होती. मी शोधून दुसरा ब्राउझर टाकला आणि मावशी गाऊ लागली. आई मात्र माझ्याकडेच बघत होती.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही गं."

यंत्र अडलं की काही माणसं आधी स्वतःच्या बोटांकडे का बघतात, कोण जाणे. मी आवाज वाढवला. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "हे जरा तुझ्या बाबांनाही सांगशील?"