एकवीस थैल्या

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. राधेलेही नाही — अन् ती बायको माझी, चाळीस वर्षं एका चुलीपाशी बसली. मागच्या महिन्यात गेली. आता सांगतो. ऐकून तुमाले किळस आली तर येऊ द्या, मले रोजच येते.

इंग्रजाच्या अमदानीत नागपूरच्या हुकमानं अकोल्याले एक माती तपासणारा साहेब आला होता. मराठीच माणूस. पूर्णेकाठच्या खाऱ्या दलदलीत खाली कोणती माती आहे, तिथं काय जगते, काय मरते — सहा वर्षं तो हेच पाहून राहिला होता. खड्डे खणाले मी होतो. माळ्याचा जन्म, मातीतला खार मले जिभेवर कळे. मांजरपाटाच्या थैल्या राधा शिवे. भरलेली थैली कोणी ओलांडली तरी खेकसे, "दिसत नाही का? साहेबाची माती आहे ते!"

एका उन्हाळ्यात साहेब तापानं पडला. मले म्हणाला, सात जागची माती आण, दर जागी वरची, मधली अन् तळची. एकवीस थैल्या. गेलो. पहिल्याच खड्ड्यात कमरेइतका काळा चिखल, पायाले जळवा, बाजूले सडलेलं वासरू. ओकलो. वर आलो. मग — कसं सांगू? — सरळ माझ्या मळ्यात गेलो, विहिरीपाशी खणलं अन् साऱ्या थैल्या तिथंच भरल्या. जागेच्या नावाच्या चिठ्ठ्या तेवढ्या बरोबर घातल्या. वरून वांग्याले पाणी देलं.

साहेब केवढा खुश झाला! दलदलीखाली गोड माती आहे, असं त्यानं नागपूरले लिहून धाडलं. तिथून मोठा साहेब आला. खड्डा खणवला — माझ्याच हातानं. तळची माती मले चाखाले लावली.

"काय रे माळ्या?"

"खारी आहे, साहेब."

मोठा साहेब आमच्या साहेबाकडे पाहून हसला. "कागदावर तर तुम्ही इथं वांगी पिकवलीत! तुमच्या या माणसानं माती बदलली तर नाही?"

"तो तसं करणार नाही," आमचा साहेब म्हणाला. "चूक माझीच."

मी तीन पावलांवर उभा. तोंडात तो खार. गिळून टाकला.

त्याची सहा वर्षं रद्दीत गेली. मातीच्या कामावरून काढून त्याले कचेरीत कारकुनीले बसवलं. त्या दिवशी मले भाकर वाढता वाढता राधा म्हणे, "साहेब चुकन थोडाच! कोण्या हलकटानं थैल्या बदलल्या असतीन हो? एवढ्या देवमाणसाचा घात! किडे पडतीन त्याच्या हाताले."

मी भाकर मोडली. म्हणलो, "काय माहीत."

त्याच हातानं मागच्या महिन्यात तिले अग्नी देला.