मी वाचून दाखवलेला कागद

“ठेवताच येत न्हाई, आप्पा. कायदाच हाय तसा. आमच्या सायलीनं वाचून दाखवलंय की.”

पप्पा हॉलमध्ये बोलत होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते — गाळता गाळता थांबले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आधीही ऐकलं होतं. लग्नात, बारशात, डेअरीच्या कट्ट्यावर. गाडी कुठं गेली, असं कुणी विचारलं की पप्पा हेच सांगतात. सरकारनं नेली. कायदा हाय. पोरीनं वाचून दाखवलं. तेवढ्यात मी चप्पल शोधायला वळते, नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालते.

कायदा तसा नव्हता.

ही गोष्ट मी गेल्या रविवारपर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. मम्मीला नाही, मैत्रिणीला नाही, देवापुढंसुद्धा नाही. रविवारी जे बोलले ते दोन-तीन वाक्यांत संपलं. बाकीचं इथे लिहिते, आणि मुद्दाम मराठीत लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं — आमच्या घरात ते फक्त मलाच वाचता आलं असतं.

लाजाळू मुलगी म्हणजे स्वभावानं गरीब, असं लोक धरून चालतात. या एका समजुतीवर मी पंचवीस वर्षं चांगली काढली. मी गप्प बसलेली असते तेव्हा खरं तर तुम्हाला मार्क देत असते. तुमची चप्पल, तुमचे उच्चार, तुम्ही बशीत चहा ओतता की नाही — सगळं. शाळेत तर दुसरं कामच नव्हतं. दर दसऱ्याला ज्यांच्या दारात नवी गाडी यायची त्या मुलींचा मी मनोमन तिरस्कार करायचे. वर्ष झालं तरी सीटवरचं प्लॅस्टिक न काढणारी माणसं ती. तिरस्कार करायचे, आणि आमची गाडी गेटपाशी दिसली की त्यांच्या मागे लपायचे. याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

आमची गाडी छोटी, पांढरी, चौकोनी. पप्पांनी ती जुनीच घेतली होती. ते शिरोली एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत, लेथवर काम करतात. त्यामुळे गाडीचं काही मोडलं की दुकानात जायच्या आधी ते लेथवर जायचे. वायपरचा बुश त्यांनी केलेला. दाराच्या आतली कडी त्यांनी केलेली. गिअरच्या दांड्यावरचा प्लॅस्टिकचा गोळा फुटला तेव्हा त्यांनी पितळेचा केला, हाताच्या मुठीत बरोबर मावेल असा. हिवाळ्यात सकाळी तो गार लागायचा आणि मे महिन्यात चटका द्यायचा. रविवारची सकाळ म्हणजे गाडीखालून बाहेर आलेले पप्पांचे पाय. मग आंघोळ, मग मम्मीला घेऊन पन्हाळ्याला एक चक्कर. घाटात गाडी कधी तापली नाही, हे ते पाहुण्यांना न विचारता सांगायचे.

मागच्या काचेवर माझं नाव होतं. लाल रेडियममध्ये, ‘सायली’, खाली दोन फुलं. आमच्याकडे लोक मुलांची नावं अशी लावतात. सातवीत असताना एका दुपारी मी ते नखांनी खरवडून काढलं. सगळं निघालं नाही — पहिलं अक्षर अर्धवट राहिलं. संध्याकाळी पप्पांनी काच पाहिली, बोट फिरवलं आणि म्हणाले, “उन्हानं गेलं वाटतं.” पुढच्याच रविवारी नवीन लावून आणलं. या वेळी मोठं.

मी फार आडवळणानं चाललेय, मला कळतंय.

आमच्या घरात एक रीत आहे. इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. बँकेचं पत्र, विम्याची पॉलिसी, मम्मीच्या थायरॉइडचा रिपोर्ट, मिक्सरची वॉरंटी. मी दुसरीत असल्यापासून हे चालू आहे. पप्पा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, मग आयटीआय. ड्रॉइंगवरचं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजतं. पण सरकारी इंग्रजीची लांबलचक वाक्यं आली की ते चष्मा काढून ठेवतात आणि मला हाक मारतात. मग समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. कागदाकडे नाही — तोंडाकडे. माझी फी त्यांनी कशी भरली ते मला माहीत आहे. ती फी ज्यासाठी भरली तो क्षण बहुतेक हाच असावा.

मी नोकरीला लागले त्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. ऑफिसची गाडी चुकली म्हणून एक दिवस पप्पांनी मला सोडलं. मी उतरले, दार दोनदा आपटून लावलं — एकदा आपटून ते लागत नसे — आणि वळले तर आमच्या टीममधला एकजण पायरीवर उभा. “काय सायली, भंगारवाल्यानं सोडलं काय तुला?” चौघं हसले. मीही हसले. तो माणूस एका वाक्यात तीनदा ‘बेसिकली’ म्हणायचा, त्याच्या बुटांचे तळवे सुटलेले होते, हे सगळं मी तोपर्यंत टिपून ठेवलेलं होतं. त्याच्या मताची मला कवडीचीही किंमत नव्हती. आणि तरीही त्याच संध्याकाळी मी ते केलं.

पप्पांनी एका ओळखीच्या एजंटाकडून प्रिंट आणली होती. दोन पानं, सगळं इंग्रजीत. पहिल्या पानावर स्पष्ट होतं: पंधरा वर्षांनी नोंदणीची मुदत संपते, गाडीची फिटनेस तपासणी करून घ्यावी, गाडी पास झाली तर पुढची पाच वर्षं नोंदणी वाढवून मिळते. दुसऱ्या पानावर झाडाचं एक हिरवं पान छापलेलं. ज्यांना आपली जुनी गाडी स्वतःहून मोडीत द्यायची असेल त्यांनी ती नोंदणीकृत केंद्रावर द्यावी, प्रमाणपत्र घ्यावं, नव्या गाडीवर सवलत मिळेल. हिरव्या पानाखाली हसणारं चौकोनी कुटुंब, मागे चकचकीत नवी गाडी. चालू स्थितीतली वस्तू चिरडायची, तिच्या जागी दुप्पट जड वस्तू घ्यायची आणि वर झाडाचं चित्र काढायचं — असली योजना ज्यांना सुचते त्यांच्याबद्दल मला आजही आदर नाही. पण त्यांनी निदान ‘ज्यांना द्यायची असेल’ असं लिहिलं होतं. मी तेवढंही ठेवलं नाही.

“टीव्हीवर दिल्लीचं दाखवत्यात,” पप्पा म्हणाले. “मुदत झाली की गाडी उचलून नेत्यात. आपल्याकडंबी तसंच हाय का?”

मी म्हणाले, “हो. पंधरा वर्षं झाली की द्यायचीच.”

“पर गाडी फिट हाय की. तपासत न्हाईत?”

“नाही.”

“नीट बघ की, बाळ.”

मी नीट बघितलं. पहिल्या पानावरून बोट फिरवलं, ओठ हलवले, पुन्हा वरपासून खालपर्यंत गेले. आणि मान हलवली. तो अभिनय फार चांगला झाला. मला शाळेत स्टेजवर कधी दोन ओळीही बोलता आल्या नाहीत.

तोंडातून चुकून निघून गेलं, असं मला म्हणता येत नाही. कारण त्यानंतर दोन आठवडे होते. त्या दोन आठवड्यांत पप्पांनी गाडी धुतली, डिकी रिकामी केली, मम्मीला शेवटचं पन्हाळ्याला नेऊन आणलं. एजंटाला फोन करून “देऊन टाकायची हाय” म्हणाले, तो “बरं” म्हणाला — गाडी पास करा नाहीतर मोडीत द्या, त्याला सारखंच. ऑनलाइन फॉर्म मी भरला. आपल्या इच्छेनं गाडी देत आहे, अशा ओळीपुढच्या चौकटीत खूण मी केली. पप्पांच्या वतीनं.

स्क्रॅप केंद्र हायवेच्या कडेला. गेटवर फ्लेक्स, त्यावर परत ते हिरवं पान. आमच्या आधी आलेल्या कुटुंबानं बॉनेटला हार घातला होता आणि सेल्फी काढत होते. डोळ्यांना रुमाल लावून सेल्फी. पप्पांनी हार आणला नव्हता. ते कागद हातात धरून रांगेत उभे होते, तपासणीला आल्यासारखे.

तिथला माणूस आत डोकावला, त्याला पितळी गोळा दिसला. हात लावून म्हणाला, “घरी केलेला दिसतोय. काढून घ्या की पावणं, कोण बघतंय.”

पप्पा म्हणाले, “नको. गाडी पुरी द्यायची, असा नियम हाय.”

तो नियम मी सांगितलेला. फॉर्म भरताना उगाच, कडक वाटावं म्हणून जोडलेला. हातानं दोन आटे फिरवले की निघाला असता तो गोळा. पप्पांनी दार लावलं — दोनदा आपटून — आणि मागच्या काचेवर माझं नाव घेऊन गाडी आत गेली.

मी नवीन गाडी घेतली. प्रमाणपत्राची सवलत मिळाली, हिरव्या पानानं दिलेला शब्द पाळला. ऑफिससमोर सगळ्यांना दिसेल अशी लावली. कुणी बघितलंसुद्धा नाही. भंगारवाला म्हणणारा तोपर्यंत पुण्याला गेला होता. पप्पा त्या गाडीत माझ्या शेजारी पाहुण्यासारखे बसतात, हात मांडीवर ठेवून. बॉनेट त्यांनी एकदाच उघडलं. आत सगळं काळ्या प्लॅस्टिकनं झाकलेलं. बंद केलं. आता रविवारी ते पेपर वाचतात, दोनदा. त्यांचे हात स्वच्छ असतात. वर्कशॉपच्या शेजारी फाउंड्री आहे, तिथं मोडलेल्या गाड्यांच्या दाबलेल्या पत्र्याचे गठ्ठे वितळवायला ट्रकनं येतात. मम्मी म्हणाली, मोपेड थांबवून बघत असतात म्हणे कधी कधी, पांढरा पत्रा दिसला की. रस्त्यात एखादी जुनी गाडी दिसली तर म्हणतात, “चोरून ठेवलीया ह्यांनी. घावतील एक दिवस.” मी गिअर बदलते.

तर रविवारी आप्पा आले होते. आप्पा म्हणजे पप्पांचे जुने मित्र, शिरोळकडचे जैन शेतकरी. त्यांचीही गाडी पंधरा वर्षांची व्हायला आलेली. ती गाडी खरं तर त्यांची बायको, कमलकाकू चालवतात. पंचेचाळीशीत शिकल्या, शिकवलं पप्पांनी, कळंब्याच्या तलावाकडच्या रस्त्यावर. मळा, डेअरी, दर्शनाला जैन बस्ती — सगळीकडे त्याच नेतात.

“तिला दुसरी जमत न्हाई, मिस्त्री,” आप्पा म्हणत होते. “पोरानं नवी बिनगिअरची आणली, तर हात लावत न्हाई. म्हणती, ती गाडी आपली आपणच चालती, मी कशाला पाहिजे. ही गेली की तिचं भाईर पडणं संपलं बघा.”

“काय करायचं,” पप्पा म्हणाले. “मला काय बरं वाटलं व्हतं? कायद्यापुढं कोण बोलणार.”

मी चहा नेऊन ठेवला. आप्पांनी खिशातून घडी केलेली पानं काढली. तीच. पहिलं पान, दुसरं पान, हिरवं पान.

“वाच की अक्का, काय म्हणतंय सरकार,” ते म्हणाले. “जीव घाबरा झालाय नुसता.”

“ती वाचती बरोबर,” पप्पा म्हणाले, आणि चष्मा काढून माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून, एकेक वाक्य मराठीत करून. मुदत, तपासणी, पास झाली तर पाच वर्षं. दुसरं पान, ज्यांना द्यायची असेल त्यांनी. माझा आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता. आप्पांना पुन्हा विचारावं लागलं.

“म्हंजे ठेवता येती म्हण की?”

“हो.”

“मग हे काय सांगालते मघापासनं?” आप्पा हसले. “मिस्त्री, सरकारपेक्षा तुम्हीच कडक.”

पप्पा हसले नाहीत. त्यांनी हात पुढे करून पान घेतलं, इंग्रजीवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं — त्या दिवशी मी फिरवलं होतं तसंच — आणि खाली ठेवलं. पितळी गोळा धरावा तशी मूठ केली. मग म्हणाले, “बदलला आसंल नियम. आमच्या वेळंला न्हवतं आसं.”

मी फक्त मान हलवली असती तरी पुरे होतं. आप्पांची गाडी राहिली असती, पप्पांचा कायदा राहिला असता, मी राहिले असते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, चहाच्या कपाकडे बघत होते — मला सोपं जावं म्हणून, असं आता वाटतं. की त्यांना सातवीतली काचही तेव्हाच कळली होती?

मी म्हणाले, “नियम बदललेला नाही, पप्पा. आपल्या कागदातही हेच होतं. मला ती गाडी नको होती, म्हणून मी खोटं वाचलं.”