लूर्डसच्या मसाल्याचा फोटो

मॅथ्यूला विचाराल तर वस्तू वाईट नसतेच, वाईट असतो तो तिच्यावर पडलेला उजेड. कांदिवलीच्या पोयसर गावठाणात, घराच्या वरच्या खोलीत, तीस वर्षं त्याने साबण, उदबत्त्या, खोबरेल तेलाच्या बाटल्या यांचे फोटो काढले. एकदा कपडे धुवायच्या साबणाला त्याने मागून असा काही दिवा लावला, की कारखानदारच म्हणाला, अरे हा माझा साबण नाही, हा कुणाच्या अंगठीतला खडा आहे.

त्यासाठी मोठं सामान लागायचं असंही नाही. बायकोचं स्वयंपाकघर लुटलं की भागायचं. पिठाची चाळण दिव्यासमोर धरली की भिंतीवर उजेडाचे ठिपके पडत, स्टीलचं ताट तिरपं ठेवलं की वस्तूच्या कडेला चांदीची रेघ. लूर्डस बिचारी चाळण शोधत वर यायची आणि पांढरा पुठ्ठा धरून तासभर उभी राहायची. खाली कालवण करपलं, असं पुटपुटायची, पण पुठ्ठा हलू द्यायची नाही.

मागच्या सप्टेंबरात तापाचं निमित्त झालं आणि लूर्डस गेली.

तिच्या हातचा बाटली मसाला, वर्षभरासाठी काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा तो, अख्ख्या गावठाणात नावाजलेला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं आणि लूर्डसचं तिच्या मुठीत होतं. कमलमावशी दर मे महिन्यात मुसळ घेऊन मसाला कुटायला यायची, पण तिलाही लूर्डस सगळं भाजून, मिसळूनच द्यायची. मिसळताना जवळ कुणी नको. कागदावर एक अक्षर नाही. उरली ती एक बाटली, काळपट तपकिरी काचेची, बूच घट्ट लावलेली.

मालाडला दिलेली मुलगी मेलनी हिने ठरवलं, आईच्या नावाने मसाला विकायचा. कमलमावशी म्हणाली, मला ती बाटली हुंगू दे, जिभेवर ठेवू दे, कशात काय पडलंय ते मी सांगते. ईस्टरनंतरच्या रविवारी यायचं कबूल केलं. मेलनीने बाटली वडिलांकडे दिली. लेबलासाठी फोटो काढ, म्हणाली, आणि रविवारपर्यंत जप.

आता बायकोच्या मसाल्याचा फोटो. तो साधा कसा काढायचा? काळ्या बाटलीतून उजेड आरपार जाईना, तेव्हा मॅथ्यूने मसाला पांढऱ्या काचेच्या बरणीत ओतला. वर शीग दिसावी म्हणून झाकण काढून ठेवलं. मागे दोन जुने तापणारे दिवे, मध्ये चाळण. त्याला हवा होता तो लाल रंग काही मिळेना. मांडलेलं हलवायचं नाही, हा त्याचा नियमच. बरणी तशीच राहिली. आठ दिवस सकाळपासून दिवे, दिवे बंद केले की खिडकीचं ऊन.

शनिवारी फोटो जमला. बरणीच्या आत निखारे फुलल्यासारखे, आणि भोवती ठिपकेच ठिपके. कितीतरी वेळ तो बघत बसला.

रविवारी मेलनीबरोबर कमलमावशी वर आली. बरणीत नाक घातलं. चिमूटभर जिभेवर ठेवला. मग पदराने तोंड पुसलं.

"मॅथ्यू, ह्यात नुसतं तिखट उरलंय रे," ती म्हणाली. "बाकी कायच लागत नाय."

मेलनीने बरणी ओढून घेतली. दिव्याकडची बाजू विटकरी पडली होती, वर दमट गोळे धरले होते. मसाल्याला उजेड लागू नये म्हणून काळी बाटली, हे गावठाणातलं शेंबडं पोर सांगेल. मॅथ्यूलाही जन्मापासून ठाऊक होतं. पण वरच्या खोलीत शिरला की त्याला उजेडाशिवाय दुसरं काही ठाऊक नसे.

"लोणची, मिठाया, काय काय आठ-आठ दिवस मांडून ठेवलंय मी," तो म्हणाला. "कधी काही बिघडलं नाही."

मेलनीने बरणी खाली ठेवली.

"ममा रोज संध्याकाळी खाली न्यायची, डॅडा. झाकून ठेवायची. तू उठायच्या आत परत जागच्या जागी. तू ओरडशील म्हणून बोलायची नाही."

जागच्या जागी कसं, त्याने विचारलं. मेलनीने फोटोच्या टेबलावरचा कपडा वर केला. खाली लाकडावर पेन्सिलीची वर्तुळं, लहान, मोठी, एकात एक. काही पुसट झालेली. मॅथ्यूने कपडा तिच्या हातून घेतला आणि हळूच परत घातला.

मे महिन्यात कमलमावशीने अंदाजानेच मसाला कुटला. लेबलावर लूर्डसचं नाव आणि तोच फोटो. बाटल्या हातोहात गेल्या. लोक फोन करून सांगत, अगदी तिच्याच हातचा. मेलनीने त्या मसाल्यात बोंबील करून वडिलांना वाढले.

"चांगलं झालंय," मॅथ्यू म्हणाला. मग त्याने मीठ मागून घेतलं, आणि पानातलं सगळं संपवलं.